बंड्याचे केस कापू की राखू?

वाचकाचे पत्र:

मी डोंबिवलीला राहते, वय 61. मुलाने अडीच वर्षांपूर्वी यॉर्कशायर टेरिअरचे पिल्लू आणले. कागदोपत्री त्याचे नाव ऑस्कर असले तरी घरात तो बंड्याच झाला. डिसेंबरात मुलाची बदली बंगळुरूला झाली आणि बंड्या माझ्याकडे राहिला. त्याचे केस जमिनीला टेकतील इतके लांब आहेत. मी रोज वरून ब्रश फिरवते, तरी काखेत आणि कानांमागे गुंते झाले. कोणी सांगितले म्हणून खोबरेल तेल चोळले, तर ते आणखी घट्ट बसले. गेल्या आठवड्यात ग्रूमरने हात टेकले. म्हणाला, सगळे काढावे लागतील. मुलगा फोनवर म्हणतो, केस कापले तर त्याच्यात उरले काय? माझा उजवा खांदा आखडलेला आहे. बंड्या आता कंगवा पाहिला की पलंगाखाली शिरतो आणि परवा तर मला चावला. पाऊस सुरू झाला आहे. मी कुठे कमी पडते आहे का? आणि केस कापणे हा त्याच्यावर अन्याय होईल का?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते तातडीचे आहे. केस कापा, आणि याच आठवड्यात कापा. तुम्ही लिहिले आहे त्यावरून काखेतला गुंता कातडीपर्यंत पोहोचलेला दिसतो, आणि तो तसाच ठेवून बंड्याला पावसाळा काढायला लावला तर त्याचे फार हाल होतील. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल, कारण त्यात माझीही एक कबुली आहे.

आमच्याकडे चौदा वर्षे एक यॉर्की, म्हणजे यॉर्कशायर टेरिअर, होती. आणली तेव्हा ओंजळीत मावत होती, आणि काळातांबडा रंग व मण्यांसारखे डोळे यांमुळे ती लाकडी बाहुलीसारखी दिसे, म्हणून तिचे नाव ठेवले ठकी. या ठकीने पहिल्याच वर्षी आम्हाला चांगले ठकवले. मी तुमच्यासारखाच रोज वरून ब्रश फिरवत असे, पाठीवरचे केस रेशमासारखे चमकत असत, येणारेजाणारे कौतुक करत असत. आणि एके दिवशी तिला उचलताना माझी बोटे तिच्या काखेत गेली, तर तिथे केस नव्हतेच, जाड नमद्याचा एक तुकडा होता, हाताला किंचित ओलसर लागणारा आणि कातडीला चिकटलेला. ती पाऊल पुढे टाकी तेव्हा तो तुकडा काखेतली कातडी ओढत असे. ती जिना चढायला का कुरकुरते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. तेव्हा ताई, कमी पडण्याचा प्रश्नच असेल तर त्या यादीत माझे नाव तुमच्या वर लिहा. तुमचे कष्ट कमी पडलेले नाहीत, ब्रश वरवर फिरत राहिला एवढेच. आणि ही गोष्ट पिल्लू विकणारा सांगत नाही, घेणाराही विचारत नाही.

या कुत्र्याचे केस इतर कुत्र्यांसारखे नसतात, हे एकदा समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. बहुतेक जातींना वरचे राठ केस आणि खाली मऊ लव असे दोन थर असतात, आणि ठरावीक काळाने ती लव गळून घरभर होते. यॉर्कीला खालचा थर नसतो. त्याचा एकच थर असतो आणि आपल्या डोक्यावरच्या केसांसारखा तो वाढत राहतो, म्हणूनच त्याचे केस घरात फारसे सांडलेले दिसत नाहीत. पण गळतात तर तेही. आपली वेणीफणी झाल्यावर कंगव्यात गुंतवळ राहते ना, तशी बंड्याचीही रोज थोडी गुंतवळ निघते. फरक इतकाच की ती कंगव्याने बाहेर काढली नाही तर उरलेल्या केसांतच अडकते, आणि जिथे अंग अंगाला घासते तिथे, म्हणजे काखेत, कानांमागे, जांघेत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी, तिचा गोळा होतो. त्यातही ज्या यॉर्कींचे केस रेशमी नसून कापसासारखे मऊ असतात, त्यांचे गुंते अधिक लवकर होतात. खोबरेल तेलाने नेमके उलटे काम केले. तेलावर धूळ बसली, धुळीने केस एकमेकांना चिकटले, आणि तेलाच्या वासाने बंड्या ती जागा चाटू लागला असेल तर ओलाव्याची भरही पडली. आपल्या केसांना जे चालते ते त्याला चालेल, असे वाटणे साहजिक आहे. माझ्या आईने तर ठकीसाठी शिकेकाई उकळायला घेतली होती.

आता तुमच्या चिरंजिवांच्या म्हणण्याकडे वळते. केस गेले तर उरले काय, या प्रश्नाला या जातीचा इतिहासच उत्तर देतो, म्हणून तो थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांत कापडगिरण्या जोरात होत्या. तिथे कामाला आलेल्या स्कॉटिश विणकरांनी आपली छोटी टेरिअर कुत्री सोबत आणली, स्थानिक टेरिअरांशी त्यांचा संकर झाला, आणि गिरण्यांतले व घरांतले उंदीर मारणारे एक चपळ कुत्रे तयार झाले. हडर्सफील्ड बेन या नावाचा 1865 साली जन्मलेला कुत्रा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. तो जेमतेम सहा वर्षे जगला, पण तेवढ्यात त्याने उंदीर मारण्याच्या शर्यतीही गाजवल्या आणि प्रदर्शनांतली बक्षिसेही मिळवली. जमिनीवर लोळणारे केस हे त्यापुढच्या प्रदर्शनांचे देणे आहे. प्रदर्शनातल्या यॉर्कीचे केस कसे राखतात, हे मुलाला अवश्य सांगा. केसांना तेल किंवा कंडिशनर लावून त्यांच्या बटा पातळ कागदांत गुंडाळतात, त्या रबराने बांधतात, थोड्या थोड्या दिवसांनी सोडून, विंचरून पुन्हा बांधतात, आणि रिंगणात उतरायच्या दिवशी त्या मोकळ्या करतात. म्हणजे फोटोत दिसणारे ते झुळझुळीत कुत्रे उरलेले दिवस अंगभर कागदाच्या पुड्या बांधून हिंडत असते. प्रदर्शनांतून निवृत्त झालेल्या कुत्र्यांचे केस त्यांचे मालक अनेकदा स्वतःच बारीक करून टाकतात. तेव्हा डोंबिवलीच्या घरात, पावसाळ्यात, आखडलेल्या खांद्याच्या माणसाने तसे केस राखावेत, ही अपेक्षा बंगळुरूत बसून करायला सोपी आहे. यापेक्षा कडक शब्दांत मी लिहीत नाही, कारण तुमचा मुलगा हे वाचेल असे मला वाटते.

बंड्या चावला, याचे तुम्हाला फार वाईट वाटलेले दिसते. तो रागीट झालेला नाही. कुणी आपली बट मुठीत धरून रोज ओढली तर आपणही कंगवा लपवू. त्याने आधी मान फिरवली असेल, मग ओठ चाटले असतील, मग अंग आक्रसले असेल, मग तो पलंगाखाली गेला असेल. हे सगळे सांगूनही कंगवा थांबला नाही तेव्हा त्याने दात लावला. पलंगाखालून त्याला ओढून काढू नका. दुखणे संपले की पुढचे शिकवता येते, आणि म्हणूनही केस आधी कापायचे आहेत. तुमची जखम मात्र क्षुल्लक समजू नका. दात कातडीत रुतला असेल तर जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची असते आणि डॉक्टरांना दाखवायचे असते, मग कुत्रा घरचा आणि लस घेतलेला का असेना. परवा हे केले नसेल तर आज दाखवून या, आणि बंड्याच्या रेबीजच्या लसीची तारीख त्याच्या पुस्तिकेत तपासा.

कापायला नेताना चार गोष्टी सांभाळा. नेण्याआधी त्याला आंघोळ घालू नका. पाणी लागून वाळलेला गुंता आणखी आवळतो. घरी कात्रीने गुंता कापायचा मोह आवरा. गुंत्याबरोबर कातडी वर ओढली गेलेली असते, ती कागदासारखी पातळ असते, आणि केस समजून कातडी कापली गेल्याचे प्रसंग घराघरांत घडतात; आमच्याकडे घडला, ठकीच्या काखेत तीन टाके पडले आणि कात्री माझ्या हातात होती. ग्रूमर यंत्राने गुंत्याच्या खालून, कातडीला समांतर जाऊन तो सोडवतो, त्यामुळे गुंत्याच्या जागी केस अगदी बारीक होतील, ते होऊ द्या. बाकी अंगावर मात्र सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर केस ठेवायला सांगा, तुळतुळीत करू देऊ नका, कारण केसांखालच्या कातडीला उन्हाची सवय नसते. तिसरी गोष्ट कानांची. कानांवरचा घट्ट गुंता निघाला की कुत्रे जोरजोराने डोके झटकू लागते, आणि त्या फटकाऱ्यांनी कानाच्या पाळीत रक्त साकळू शकते. त्या दिवशी त्याच्याकडे लक्ष ठेवा, आणि पाळी फुगलेली दिसली तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या. चौथी गोष्ट अशी की गुंत्याखालची कातडी लाल, ओली किंवा वास येणारी निघाली, तर पुढचे काम ग्रूमरचे राहत नाही. पावसाळ्यात अशा जागी माशी बसते आणि किडे पडतात. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण पाळीव, लाडक्या, घरात झोपणाऱ्या कुत्र्यालाही हे होते. तो फारच दंगा करत असेल तर पशुवैद्याच्या दवाखान्यात भूल देऊन केस काढून घ्यावेत. घरातली झोपेची गोळी त्याला कधीही देऊ नये.

केस निघाल्यावर पहिला आठवडा कंगवा फक्त दाखवायचा. जमिनीवर कंगवा ठेवा, शेजारी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा ठेवा. तुम्ही चिकन घरात आणत नसाल तर उकडलेल्या गाजराचाही चालेल. दुसऱ्या आठवड्यात कंगव्याची पाठ त्याच्या खांद्यावरून एकदा फिरवा आणि तुकडा द्या, तिसऱ्या आठवड्यात दात फिरवा. घाई केली की पुन्हा पलंगाखाली. तुमच्या खांद्यासाठी एक उपाय सांगते. जमिनीवर बसून, वाकून विंचरू नका. वॉशिंग मशीन बंद असताना त्यावर न्हाणीघरातली रबरी चटई अंथरा आणि बंड्याला त्यावर उभे करा. तो कमरेच्या उंचीवर येतो, हात वर उचलावा लागत नाही, आणि पाय सरकत नसल्याने तोही निवांत राहतो. मात्र एक हात सतत त्याच्या अंगावर असू द्या, फोन वाजला तरी. एवढ्याशा कुत्र्याचे पुढचे पाय काडीसारखे असतात आणि तेवढ्या उंचीवरून उडी मारली तरी मोडतात.

बारीक केसांना एक दिवसाआड दहा मिनिटे पुरतात. धातूचा कंगवा घ्या, ज्याचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असतात. कोरड्या केसांवर कधीच चालवू नका, केस तुटतात. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि कुत्र्यांच्या कंडिशनरचे थोडे थेंब घालून हलका शिडकावा करा. मग डाव्या हाताने केसांचा थर वर उचला, खालची कातडीची रेघ दिसली पाहिजे, आणि त्या रेघेपासून टोकाकडे एकेक पातळ थर सोडत विंचरत या. ही कातडीची रेघ दिसणे हीच सारी मेख आहे. ती दिसत नसेल तर तुम्ही वरवर फिरवत आहात. छोटा गुंता लागला तर त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोर टाका, गुंत्याच्या आणि कातडीच्या मध्ये दोन बोटांनी केस घट्ट धरा, म्हणजे ओढ बोटांवर येते, त्याच्यावर येत नाही. मग कंगव्याच्या कडेच्या एकाच दाताने गुंत्याच्या टोकाकडून दोनदोन-चारचार केस मोकळे करत वर सरका. काजूएवढ्या गुंत्याला मला पाच मिनिटे लागत. त्याहून मोठा असेल तर तिथले केस ग्रूमरकडे काढून टाकावेत, हट्ट करू नये. तळपायांच्या गाद्यांमधले, गुदद्वाराजवळचे आणि कानांच्या वरच्या तृतीयांशावरचे केस मात्र नेहमीच बारीक ठेवावे लागतात. कानांवरचे एवढ्यासाठी की ते जड झाले की यॉर्कीचे ताठ कान खाली लवतात.

डोक्यावरची शेंडी राखायची असेल तर अवश्य राखा, मुलाचेही समाधान होईल. फक्त रबर इतके ताणू नका की भुवया वर ओढल्या जातील, आणि रोज सोडून पुन्हा बांधा. सोडताना रबर ओढू नका, ते कापून टाका. शेंडी नको असेल तर डोळ्यांवर येणारे केस छाटून घ्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातली चिपडे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने रोज पुसा. डोळा लाल असेल किंवा तो मिचकावत असेल तर घरातले उरलेले ड्रॉप्स घालू नका. काहींमध्ये स्टेरॉईड असते, आणि बुबुळावर ओरखडा असताना ते पडले तर डोळा जाऊ शकतो.

आंघोळ पावसाळ्यात दोन आठवड्यांनी पुरते, शाम्पू कुत्र्यांचाच वापरावा, आणि आधी विंचरल्याशिवाय अंगावर पाणी घालू नये. पुसताना पंचाने खसाखसा चोळले तर तिथेच नवे गुंते बनतात, म्हणून पंचा दाबून पाणी टिपा आणि ड्रायर कोमट ठेवून, वीतभर लांब धरून मुळापर्यंत वाळवा. डोंबिवलीच्या जुलैत पंख्याखाली सोडलेले कुत्रे वरून कोरडे आणि आतून दमट राहते. फिरून आल्यावर पाय साध्या पाण्याने धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. रेनकोट घालत असाल तर दारात येताच काढा, तो काखेत घासूनच अर्धे गुंते होतात. पावसात गोचीडही वाढतात. बारीक केसांचा मोठा फायदा हा की गोचीड बोटांना लागते: कानांच्या आत, बोटांमध्ये, शेपटीखाली रोज चाचपून पाहा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका. गोचिडांवरच्या औषधाची मात्रा वजनावर असते, आणि मोठ्या कुत्र्याच्या औषधातले अंदाजाने थोडे घालणे तीन किलोच्या जिवाला महागात पडते, म्हणून ते डॉक्टरांनाच विचारा. त्याच भेटीत लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या आजाराची, लसही विचारून घ्या.

केसांपायी या कुत्र्याच्या बाकी गोष्टींकडे दुर्लक्ष होते, आणि खरे दुखणे बहुधा तिथेच असते. मी पशुवैद्य नाही, कुत्री पाळणारी आहे. पण चौदा वर्षांत दवाखान्याच्या बाकावर बसून जे शिकले ते सांगते. बंड्याच्या गळ्यात पट्टा असेल तर साखळी त्याला लावू नका, छातीला बसणारा हार्नेस घ्या. या जातीत श्वासनलिकेच्या कूर्चा दुबळ्या पडून ती चपटी होण्याचा आजार बराच आढळतो. उत्साहात किंवा साखळीच्या ओढीने हंसाच्या कर्कश ओरडण्यासारखा खोकला येतो आणि लोकांना वाटते की घशात काहीतरी अडकले. असा खोकला असेल तर दाखवा, आणि नसला तरी त्याच्या खोलीत धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल लावू नका. दुसरी गोष्ट दातांची. लहान जबड्यात दातांची गर्दी होते, कधी दुधाचे सुळे न पडता नव्या सुळ्यांशेजारी तसेच उभे राहतात आणि त्यांच्या फटीत कीटण साठते. बंड्याचा ओठ उचलून पाहा, सुळा दुहेरी दिसला तर डॉक्टरांना सांगा. दात रोज घासावेत, पण आपली टूथपेस्ट वापरू नये. तिच्यातला फ्लोराइड आणि काही पेस्टमधला गोडीसाठी घातलेला झायलिटॉल त्याला विषारी असतो. ठकीचे दात मी पाच वर्षांपर्यंत पाहिलेच नाहीत आणि मग एका दिवशी तिचे नऊ दात काढावे लागले. तिच्या केसांची निगा मात्र त्या काळात उत्तम चालली होती.

खाण्याबाबत तुम्ही काही लिहिले नाही, पण एकटी राहणारी आई आणि एकटे कुत्रे म्हटल्यावर मी अंदाज करू शकते. तीन-साडेतीन किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात. तूप लावलेली एक पोळी म्हणजे जवळजवळ अर्ध्या दिवसाचे जेवण झाले, आणि वर बिस्किटे. शिवाय तूप, मटणाचा रस्सा, तळण यांनी या जातीच्या स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट पूर्ण वर्ज्य. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्यात आले. ताप वाटला म्हणून पॅरासिटॅमॉल देऊ नये.

आणि तो टेरिअर आहे, हे विसरू नका. 1944 साली न्यू गिनीच्या युद्धभूमीवर एका खड्ड्यात सापडलेली स्मोकी नावाची यॉर्की, वजन जेमतेम दोन किलो, पुढच्या वर्षी फिलिपिन्समधल्या एका धावपट्टीखालच्या सत्तर फूट लांब आणि वीतभर रुंद नळीतून टेलिफोनची तार ओढत पलीकडे गेली होती. तोच पिंड बंड्याचा आहे. दार वाजले की तो भुंकतो, पालीमागे भिंतीपाशी तासभर बसतो, गादी उकरतो, तो खोडकर आहे म्हणून नव्हे. त्याला काम हवे आहे. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे त्याला हुंगत हुंगत चालू द्या, भराभर ओढत नेऊ नका. घरात जुन्या पंचाच्या घड्यांमध्ये त्याचे अर्धे जेवण लपवून द्या. ते शोधण्यात त्याची पंधरा मिनिटे जातात आणि तो थकून झोपतो, तुमच्या खांद्याला काही त्रास नाही. खरा उंदीर मात्र त्याला धरू देऊ नका. पावसात उंदराच्या मुतातून लेप्टोचे जंतू पसरतात, आणि उंदराने औषध खाल्लेले असेल तर ते बंड्याच्याही पोटात जाते.

मुलाला काय सांगायचे, हे तुम्ही विचारले नाही, पण पत्र त्याच्याभोवतीच फिरते आहे. त्याला हे उत्तर पाठवा, आणि कापून काढलेला काखेतला गुंता फेकण्याआधी त्याचा फोटो काढून तोही पाठवा. केस वाढवायचे असतील तर त्याने बंड्याला बंगळुरूला न्यावे आणि रोज विंचरावे, याला तुमची हरकत नसेल असे मी गृहीत धरते. तो इथे आहे तोवर ग्रूमरचा सहा आठवड्यांनी येणारा खर्च त्याने द्यावा आणि केस किती राखायचे ते तुम्ही ठरवावे.

एक शेवटचे व्यवहाराचे. केस उतरल्यावर बंड्या निम्मा दिसेल, आणि पहिले दोन दिवस अंगाला वारा लागल्यासारखा दचकत हिंडेल, कदाचित एखाद्या कोपऱ्यात बसून राहील. एसी असेल तर रात्री त्याच्यावर पातळ पांघरूण घाला. आणि ग्रूमरकडून निघताना, रस्त्यावर पाय ठेवण्याआधी, त्याचा हार्नेस पुन्हा आवळून घ्या, पट्टी आणि अंग यांच्यामध्ये फक्त दोन बोटे जातील इतका. केसांवर मापलेला हार्नेस ढिला पडतो, आणि आमची ठकी त्यातून सुळकन निसटून रिक्षांच्या गर्दीत पळाली होती.